गाळलेलं शेवाळ

माझ्या पाणपिसवा लांब धाग्यांचं शेवाळ खातात! तीन महिने ज्याची वाट पाहिली, ते बरणीत लख्ख दिसत होतं: सकाळचं हिरवंगार पाणी दुपारी नितळ. मी टेबलाभोवती चक्क एक गिरकी घेतली. पाणपिसू म्हणजे मोहरीएवढा, आरपार दिसणारा, कोळंबीच्या गोतातला जीव. गोल, बारीक शेवाळ ती मिटक्या मारत खाते, हे शेंबडं पोरही सांगेल. धाग्यांचं मात्र कुणी मानायला तयार नव्हतं. चार वाजता आमच्या विभागप्रमुख मॅडम ठरवणार होत्या, ही खोली माझ्याकडे ठेवायची की मासेवाल्या संशोधकांना द्यायची. ते मेले कालच भिंती मोजून गेले होते!

"आता येऊ देत मॅडमना," मी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांना म्हटलं.

मामा माझी गाळणी धूत होते. "येऊ देत की. पण ताई, हे केसांसारखं हिरवं काय अडकतं हिच्यात? रोज खरवडतोय मी."

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. घाण नको म्हणून पिसवांचं खाणं आम्ही नेहमी गाळूनच देतो. सवयीने हात चालला होता. लांब धागे गाळणीतच राहिले, बरणीत गेले ते नुसते तुकडे. कशात काय नि फाटक्यात पाय!

गप्प बसता आलं असतं. पण खोटी बरणी दाखवायची मला लाज वाटली. मी मॅडमना तेव्हाच बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांच्यासमोर सूक्ष्मदर्शकाखाली न गाळलेले धागे ठेवले. पिसूने एक आत ओढला, मग शेपटीच्या नखाने बाहेर भिरकावला. पुन्हा तेच. माझी धाकटी बहीण भाजीतला कांदा काढते, अगदी तशी! आतडं रिकामंच.

"गेला तुझा निकाल," मॅडम म्हणाल्या.

"थांबा ना जरा!" मी पात्याने धागे बारीक चिरले, दुसरी पिसू सोडली. तिचे पाय भराभर हलू लागले. दहाएक मिनिटांत तिच्या पोटात हिरवी रेघ उमटली. मी किंचाळलेच. "शेवाळ नडत नाही मॅडम, लांबी नडते!"

मॅडम बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या.

"आधीचे सगळे आकडे रद्द," त्या म्हणाल्या.

"आणि खोली?" मी विचारलं.

"खोलीशिवाय नवे आकडे कुठे काढशील, वेडे?"