पलीकडं दुमडलेलं पान

मदुराईत पोचलो त्या दुपारी माझ्या सुनेनं माझं पान दुमडलं आणि माझा मुलगा दिगंबर त्या गावाला दिसायचा बंद झाला. आम्हाला दिसत होता. माझ्या डाव्या हाताला बसून तो ताक पीत होता.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, दिगू आणि त्याची बायको वैजू. आमच्या खानापूर भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात सगळ्या दक्षिणेत पसरली आहेत. माझ्या भावाचा मुलगा हणमंता मदुराईत असतो. तो किती वर्षं मागं लागला होता. "आत्ती, नुसतं खायला ये. देव काय, जाता येता होतोय," म्हणायचा. शेवटी गेलो. दोन दिवसांसाठी कोण नाही म्हणेल?

स्टेशनवरून त्यानं थेट एका खानावळीत नेलं. लांब टेबल, त्यावर केळीची पानं. वैजू माझ्या समोर बसली. भात मऊ होता. सांबार म्हणजे आमटीला हिवताप आल्यासारखं. मी तसं सांगितलं. पानात मात्र शीतसुद्धा टाकलं नाही. आमच्यात पानात टाकत नाहीत, मग वाढलेलं कसंही असो. जेवण आटोपलं तशी भोवतालची माणसं आपापलं पान दुमडून उठायला लागली. मी सासू झाल्यापासून स्वतःचं उष्टं काढलेलं नाही, ते परगावात येऊन काय म्हणून काढू?

"वैजे, माझं पान दुमड," मी म्हणाले.

तिनं समोरून हात लांब केला, पानाची माझ्याकडची कड धरली आणि तिच्याकडं दुमडली.

वाढणारा जागीच थांबला. त्यानं बादली खाली ठेवली आणि खांद्यावरचा पंचा काढून काखेत धरला. सगळी खानावळ चावायची थांबली. मग तो आला आणि दिगूसमोरचं पान उचलून घेऊन गेला. त्यावर दिगूचा पापड होता.

"अहो, माझं व्हायचंय अजून," दिगू म्हणाला. कुणी बघितलं नाही. एक जाडा माणूस येऊन दिगूच्या जागेवर बसला. दिगू कसाबसा बाजूनं निसटला.

"काय झालं रं?" मी हणमंताला विचारलं.

"पान चुकलं, आत्ती. जेवणाऱ्यानं ते आपल्याकडं दुमडायचं असतंय. म्हंजे पोट भरलं, परत येतो. पलीकडं दुमडलं म्हंजे मयताचं जेवण."

"कुणाच्या मयताचं?"

"ते हे लोक ठरिवत्यात. जवळचं माणूस बघत्यात." तो हात धुवायला गेला आणि तिथूनच म्हणाला, "तुला तर एकच ल्योक."

वैजू रडली नाही. तिनं दिगूच्या शर्टाची बाही मुठीत धरली.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"दुसऱ्या पानावर जेवायचं. मनापासून आवडलं पायजे. मग तुझ्या हातानं तुझ्याकडं दुमडायचं. उतरतंय ते."

"एवढंच?"

"एवढंच. पर खोटं चालत न्हाई. पानाला कळतंय."

हे ऐकून वैजूनं डोळे मिटून घेतले.

मदुराईचे रस्ते चौकोनात चौकोन असे आहेत आणि मधोमध देऊळ. आम्ही बाहेरच्या चौकोनापासून सुरुवात केली. पहिलं इडलीचं दुकान. इडल्या गरम होत्या, कापसासारख्या. चटण्या रंगपंचमी खेळल्यासारख्या पानभर. मी आवडून घ्यायचंच ठरवून बसले होते. सगळं खाल्लं, बोट फिरवून पान पुसलं, पलीकडची कड धरून माझ्याकडं आणली. चटणीला लसूण हवा होता, असं मनात आलं. बोलले नाही. पान टपकन उघडलं.

"आता काय मनात आणलंस?" हणमंता म्हणाला.

"काही नाही."

"लसूण," दिगू म्हणाला. "तिचं तोंड बघून कळतंय मला."

तिथून पुढच्या चौकोनात शिरलो. हा रस्ता अरुंद होता. दुकानं एकाच बाजूला होती, दुसऱ्या बाजूला ठेवायला जागा नव्हती. तिथं डोशावर मटणाचा खिमा थापून देतात. मटण चांगलं शिजलेलं. मी मान हलवत खाल्लं. पण मटणाखाली डोसा म्हणजे बैलाला टोपी. पान उघडलं ते इतक्या जोरात, की रस्सा माझ्या कपाळावर उडाला.

बाहेर आलो तर दिगूची सावली पडत नव्हती. हणमंताचं दुकान वाटेत होतं. त्यानं दिगूला आत नेलं आणि सोन्याच्या काट्यावर बसवलं. एवढासा काटा, त्याच्या पारड्यात दिगू मांडी घालून बसला. काटा जागचा हलला नाही.

"जरा पाय उचला," हणमंता म्हणाला.

"मला भूक लागलीय," दिगू म्हणाला.

मी पुढच्या दुकानात त्याला माझ्या पानातला घास दिला. घास त्याच्या तोंडातून खाली पडला. दिगू त्या घासाकडं बघत राहिला. मग वैजूनं तो उचलून पदरात बांधला.

ते दुकान परोट्याचं होतं. एक माणूस तव्यावर परोटे टाकून दोन पात्यांनी बडवत होता. इतक्या घाईनं, की आमची पावलंही तशीच पडायला लागली. बडवून मऊ केलेलं मला आवडत नाही, माणूस असो की पोळी. पान उघडलं. त्याच्या पुढच्या चौकोनात आम्हाला एकामागं एक चालावं लागलं. ऊन जिथं होतं तिथंच होतं. दुपार आवरायला कुणी आलं नव्हतं.

पुढं सरकीचं दूध विकत होते. सरकी आम्ही म्हशीला घालतो. इथं ती वाटून तिचं दूध काढतात, गूळ-सुंठ घालून आटवतात आणि माणसं उभ्यानं पितात. पेल्याखाली पानाचा तुकडा होता. मी प्याले. गोड होतं. सुंठ घशाखाली उतरून छातीत बसली. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पेला उचलून पान धरलं तर ते आपणहून अर्धं माझ्याकडं वळलं. वैजूनं श्वास धरला. तेवढ्यात मला आमची म्हैस आठवली, सरकी समोर ठेवली की कशी मान वेळावते ती, आणि मला हसू आलं. पान उघडलं.

मग मात्र वैजू उसळली.

"आत्याबाई, डोळं मिटून गिळा की! एवढं कशाला बघायचं?"

"गिळून आवडतं का कधी?"

"माझ्या बापानं साखरपुड्यात जिलेबी दिली, तिलाबी तुम्ही नाव ठिवलं. तवा कुणी मरत नव्हतं. आता हे मरत्यात."

जिलेबी खरंच कच्ची होती.

दिगू बोलायचा थांबला होता. तो आता उभाच राहत नव्हता. वारा नव्हता म्हणून बरं. वैजूनं त्याला घडी केलेल्या लुगड्यासारखा हातावर घेतला होता. समोरून येणारी माणसं आम्हाला बघून चपला काढून बाजूला व्हायची. जागा नसायची, तरी व्हायची.

सगळ्यात आतल्या चौकोनात रस्ता उरला नव्हता. देवळाच्या भिंतीला लागून एक खोली होती, पानाएवढी रुंद. हणमंता त्यात मावेना. तो दाराबाहेर उभा राहिला आणि त्याचं फक्त नाक आत होतं. मी बसले. वैजू समोर बसली, तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले. दिगूला ठेवायला जागा नव्हती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि त्याला पानाच्या वरच्या अंगाला निजवलं, जिथं मीठ आणि लोणचं वाढतात. तो लगेच झोपला.

एक म्हातारा आला. त्यानं पानावर भात वाढला आणि त्यावर पितळेच्या पातेल्यातून पातळ सार ओतलं. भाजी नाही, पापड नाही. मला वाटलं, झालं, इथंही संपलं.

मी घास घेतला. चिंच होती, मिरी होती, जिरं ठेचून घातलेलं. मी दोष शोधायला लागले. अंधारात हात फिरवून काडेपेटी शोधतात तसा शोधला. नव्हता.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

वैजूनं पदर तोंडावर धरला. तिला वाटलं मला वात झाला.

"दुमड आत्ती!" हणमंता दारातून ओरडला. "लगीच दुमड!"

"पानात भात आहे."

"ऱ्हाऊ दे भात!"

"पानात टाकून उठायची पद्धत आमच्यात नाही."

मी भराभर खाल्लं. शेवटचं शीत उचललं. पान पुसायला बोट टेकवलं तर म्हाताऱ्यानं त्याच बोटावर गरम भात वाढला आणि वर सार ओतलं.

"बास, बास," वैजू म्हणाली.

"उघडं पान रिकामं ठेवायची पद्धत आमच्यात नाही," म्हातारा म्हणाला. तो तमिळ बोलत होता. मला सगळं कळलं. घर चालवणाऱ्या माणसाचं बोलणं मला कुठल्याही भाषेत कळतं.

मी परत खाल्लं. ते आधीच्यापेक्षा चांगलं लागलं. मी संपवलं, त्यानं वाढलं. मी घाई केली की तोही घाई करायचा. सार भातातून निसटून वरच्या अंगाला वाहायला लागलं आणि दिगूची पाठ भिजली. पानाच्या शिरा त्याच्या शर्टावर उमटल्या. मी त्याला उचलून बघितलं. तो पानातून सुटेना.

"मामा, नका वाढू," वैजू म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकली. वाकायलाही जागा नव्हती. तिचं कपाळ माझ्या खांद्यावर आलं. तिथंच ते टेकून ती म्हणाली, "आत्याबाई, आता तरी हात आखडा."

"हा एवढा घास," मी म्हणाले.

"अजून?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाढा."

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला. वैजूलाही ऐकू आला. तिनं खांद्यावरून डोकं उचललं. हणमंताचं नाक दारातून मागं गेलं. भिंती माझ्या दोन्ही दंडांना लागल्या होत्या आणि त्या गरम होत्या, भांड्यासारख्या.

माझ्या उजव्या हातात घास होता. मी डावा हात लांब केला, दिगूच्या डोक्यापलीकडची पानाची कड धरली आणि वर उचलली. त्या आडोशानं त्याच्या तोंडावर सावली पडली. म्हातारा पळी घेऊन वाकला.

"दुमडू का?" मी विचारलं.

"पोट भरलं का?" त्यानं विचारलं.

खोटं चालत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

दिगूनं झोपेतच हात वर केला, माझ्या बोटांतून ती कड सोडवून घेतली आणि वाकळ ओढावी तशी माझ्याकडं, अंगावर ओढली.