बोटीच्या पोटातला पाईप

कैलाशनं करवतीचा शेवटचा हिसका दिला आणि पाईपचा तुकडा त्याच्या मांडीवर पडला. आत साचलेलं काळं पाणी पॅन्टवर सांडलं. त्यानं एक कचकचीत शिवी दिली. बोटीच्या पोटात उकिडवं बसून शिवीसुद्धा नीट देता येत नव्हती. वर, झाकणाच्या चौकोनात, चंद्रकुमारचे पांढरे बूट दिसत होते. नाकाला रुमाल लावून तो विचारत होता, अजून किती वेळ.

चंद्रकुमार म्हणजे कैलाशच्या बहिणीचा, गुड्डीचा नवरा. घरचा जवाई. शिवी त्याला ऐकू गेली नाही, असं दोघंही धरून चालले.

ही बोट धरणाच्या पाण्यात पाहुण्यांना फिरवायची, आणि गुड्डीचं घर तिच्यावरच चालायचं. बोटीत एक संडास होता. गेल्या हंगामात चंद्रकुमारनं त्याला धानाच्या बांध्यांत पाणी सोडायचा, मोटारपंपाचा हिरवा पाईप लावून घेतला होता. तो पाईप पाणी धरतो, वास धरत नाही. दिवाळीपासून सगळी बोट घाण मारत होती, बाया पदर नाकाला लावूनच उतरायच्या. उद्या तपासणीला साहेब येणार होते. म्हणून जाड, काळा, नवा पाईप मागवला होता, आणि तो बसवायला शेतातल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या साळ्याला बोलावलं होतं.

कैलाशनं हातानं चाचपत जुना पाईप शोधला. संडासाच्या भांड्याखालून तो तीन तोंडाच्या वॉलला येत होता. वॉलपासून एक फाटा टाकीत जात होता, दुसरा बोटीच्या बुडातून बाहेर. टाकीचा फाटा काढायच्या आधी ती किती भरली आहे ते पाहावं म्हणून त्यानं झाकण उघडलं, मोबाईलचा उजेड आत मारला, आणि कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला.

“भाऊजी, टाकी तं कोरडी हाये.”

“असन.”

“कोळ्यानं जाळं केलं आतमंदी. कवाच काई गेलं नाई जी हिच्यात.”

चंद्रकुमार खाली वाकला. त्यानं आवाज चढवला नाही. टाकी साहेबाला दाखवायला असते, तो समजावून सांगायला लागला. भरली की उपसायला भंडाऱ्याहून गाडी बोलवावी लागते, आणि गाडी इथपर्यंत येईल असा रस्ता तरी आहे का? तेव्हा होतं तसंच जोडायचं, फक्त पाईप नवा.

“वैनगंगा हाये, बाबू,” तो म्हणाला. “वाह्यतं पानी. त्याले काई होत नाई.”

कैलाशनं मान हलवली. हे त्याच्या घरातलंच बोलणं होतं. त्याची आई, सत्यभामाबाई, नळाचं पाणी भांडी घासायला वापरायची आणि प्यायला रोज घाटावरून पितळी गुंड भरून आणायची. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नदीचं पाणी कधी बाधत नाही, असं तिचं ठाम मत होतं. बोटीच्या खिडकीतून तो घाट दिसत होता. दोन बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गुंड बुचकळत होत्या.

त्यानं नव्या पाईपचं टोक गरम पाण्यात धरलं, मऊ झाल्यावर साबण लावला आणि भांड्याच्या नळीवर दाबून चढवलं. दोन क्लिपा लावल्या, एकीचा स्क्रू इकडं, दुसरीचा तिकडं. साबणाचं पाणी खिडकीतून बाहेर फेकलं. हात काम करत होते, डोकं घरी गेलं होतं.

त्याच्या पोरीनं, टीनानं, काल पुन्हा जेवण टाकलं होतं. मंडईनंतर, दिवाळीनंतरच्या गावजत्रेनंतर, तिला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे. लाखांदूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हे पाण्यातून होतं. घरात सगळ्यांना लगेच कळलं. मंडईत गुंजननं, त्याच्या बायकोनं, पोरीला पानीपुरी खाऊ घातली होती. कैलाशनं दवाखान्याच्या पायरीवरच, लोकांसमोर, बायकोचा उद्धार केला. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तर टीनाला सांगायचा, तुझ्या मायले सांग. आईनं पोरीच्या डोक्यावर काविळीची माळ चढवली. माळ ढिली होत होत गळ्यात आली तेव्हा कावीळ उतरली असं ठरलं. आता पुन्हा डोळे पिवळे दिसत होते, आणि आजारी पोरीला पचायला हलकं म्हणून आई तिला तांब्यातांब्यानं नदीचंच पाणी पाजत होती.

जेवायला म्हणून तो वर आला, तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बोटीला टेकून पाण्यात डोकावला. साबणाचा फेस तिथंच होता. सकाळी फेकला तिथंच, खिडकीखाली, पांढरा गोळा. वाऱ्यानं हातभर घाटाकडे सरकला होता, एवढंच.

लहानपणी तो आणि गुड्डी या नदीत पळसाच्या पानांचे दोने सोडायचे आणि काठानं त्यांच्यामागे धावायचे. दोने नेहमी जिंकायचे. मग धरण झालं, पाणी चढलं, शेतं गेली, लोक मोर्चे काढून थकले. पण नदी वाहायची थांबली, हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. ती अजून सगळ्यांच्या बोलण्यात वाहत होती.

कैलाश फेसापासून मागं वळला. मग डब्याच्या पिशवीतली बाटली काढली. सकाळी आईनं भरून दिलेली. चंद्रकुमार सावलीत बसून भात कालवत होता.

“भाऊजी, पानी घ्या जी.”

चंद्रकुमारनं हात पुढं केला. सासरचं पाणी कोण नाही म्हणतं? त्यानं बाटली घेतली, झाकण फिरवलं, आणि विचारलं, “नळाचं ना?”

“घाटावरचं. आईनं देल्लं.”

चंद्रकुमारचा हात थांबला. मग त्यानं झाकण परत लावलं, हळू, पक्कं.

“माह्यापाशी हाये बाटलीतलं. इकतचं.”

“वाह्यतं पानी हाये, भाऊजी. प्या ना.”

चंद्रकुमारनं बाटली दोघांच्या मधे फळीवर ठेवली. पुढचा घास त्याच्या हातातच राहिला. आईच्या जवायाला, गुड्डीच्या नवऱ्याला, इथंच पाण्यात लोटून द्यावं असं वाटण्याइतका राग कैलाशला आला होता, आणि हात मांडीखाली दाबून तो बसून राहिला. मग डबा न उघडताच उठला आणि खाली उतरला.

बुडातून बाहेर जाणारा फाटा त्यानं वॉलपासून कापला. तोंडावर बूच ठोकलं, वरून क्लिप आवळली. नवा पाईप मापून टाकीकडे नेला. तिथल्या क्लिपच्या स्क्रूला पेचकस पोचेना. लहान पेचकस वर पेटीत राहिला होता. त्यानं उघडा तळहात वर केला.

चौकोनात चंद्रकुमारचं तोंड आलं. पाईप कुठं चालला आहे ते त्यानं पाहिलं, ठोकलेलं बूचही पाहिलं. ओठ हलले. गाडीचं, रस्त्याचं, साहेबाचं काहीतरी तिथवर आलं असावं. मग त्यानं पेटीत हात घालून लहान पेचकस काढला आणि कैलाशच्या तळहातावर ठेवला.

काम झाल्यावर कैलाश काठावर आला नाही. बोटीतच बसून त्यानं घरी फोन लावला. गुंजननं उचलला, आणि आवाज ओळखून म्हणाली, थांबा, टीनाले देतो.

“टीनाले नको देऊ. तुह्यासंगच बोलाचं हाये.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

“पोरीले नदीचं पानी नको देऊ,” तो म्हणाला. “आई कितीबी बोलली तरी नको देऊ. नळाचं घे, उकळून दे.”

“काहून?”

“घरी येऊन सांगतो.”

“आता सांगा. काहून?”

कैलाशनं मान वळवली. चंद्रकुमार चार हातांवर उभा होता, सगळं ऐकत. दोघांची नजर भिडली. मग चंद्रकुमारनं पाठ फिरवली आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

“आयक,” कैलाश म्हणाला.