सॅलड कुणी केलंय?

"लॅमॉन्ट! अरे ए लॅमॉन्ट! दार उघड, नाहीतर ही काच फोडीन मी!"

ती काच बंदुकीच्या गोळीनंही फुटत नाही हे मला ठाऊक होतं, आणि आत कोंबडीचे तुकडे पिठात घोळवत उभ्या असलेल्या लॅमॉन्टलाही ठाऊक होतं. तरी मी किल्ल्यांचा जुडगा काचेवर आपटतच राहिले. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराला चर्चमध्ये मिस आयडेलाची प्रार्थना, मग दफन, आणि दीडच्या सुमाराला चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण. माझ्या काखेत आईचं मोठं हिरवं भांडं होतं. रिकामं.

"दुकान बंद आहे, मिस व्हीनी," तो आतून ओरडला. "पाटी वाचा की."

"पाटी गेली खड्ड्यात. सॅलडचं काय?"

त्याचे हात थांबले. "कसलं सॅलड? करणारी तिकडे पेटीत झोपलीय."

बोलून गेला आणि लगेच पाठ फिरवून उभा राहिला. मिस आयडेलाचा मुलगा, पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले. मी किल्ल्या खिशात टाकल्या.

आमच्या काळ्या लोकांत लग्न असो, बाप्तिस्मा असो की मयत, मेजावर बटाट्याच्या सॅलडचं भांडं दिसलं की कुणी आधी चमचा उचलत नाही. आधी विचारतात, कुणी केलंय? नाव पटलं तर भरघोस दोन चमचे, नाही पटलं तर 'पोट भरलं बाई' म्हणून पुढे. कोंबडी कुणाच्याही हातची चालते, सॅलड नाही. माझी आई क्लॉडेल चाळीस वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर होती. अकरा वर्षांपूर्वी ती गेली आणि पंधरवड्याच्या आत सिस्टर पर्लीनं तिचं हिरवं भांडं माझ्या हातात दिलं. सिस्टर म्हणजे नन नव्हे, आमच्या चर्चमधल्या बायकांना तसंच म्हणतात; पर्ली ही आईची जिवाभावाची मैत्रीण, आणि चर्चच्या स्वयंपाकघरात तिच्या परवानगीशिवाय मिठाची डबीसुद्धा जागची हलत नाही.

"आता तू, बाळा," ती म्हणाली. "क्लॉडेलचा हात तुझ्यातच उतरलाय."

कुठला हात आणि कुठलं काय. मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सव्वीस वर्षं चादरी धुतेय, ते मला येतं. बटाटा मात्र माझ्याकडून एकतर कच्चा राहतो, नाहीतर त्याची लापशी होते. पण हे पर्लीच्या तोंडावर सांगायची छाती कुणाची?

पहिल्या वेळेला तीनदा बटाटे उकडले आणि तीनदा फेकले. मग रिकामं भांडं घेऊन एकोणऐंशीव्या रस्त्यावर इथे, आयडेलाच्या टपरीवजा दुकानात येऊन उभी राहिले. चार माणसं आली की पाचव्यानं रस्त्यावर थांबावं एवढीच जागा. खुर्ची नाही, भिंतीला ठोकलेली एक फळी आहे, ज्याला घरी न्यायचा धीर नाही त्यानं तिथे उभ्यानं खावं. मी कोंबडीचे पंख आणि पालेभाजी मागवली आणि खाताखाता रडायला लागले.

"मीठ जास्त झालंय का गं भाजीत?" काचेमागून मिस आयडेलानं विचारलं.

मी सांगितलं. तिला कमी ऐकू यायचं, त्यात मध्ये जाड काच. "काय? मोठ्यानं बोल, पोरी!" प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. त्यामुळे माझी नामुष्की रांगेतल्या दोघा बस ड्रायव्हरांनीही ऐकली. तिनं भांड्याकडे बघितलं. काचेतल्या ज्या फिरत्या कप्प्यातून ती गिऱ्हाइकाला जेवण द्यायची, त्यात ते मावणारं नव्हतं. तिनं बाजूचं दार फटीएवढं उघडलं, भांडं आत ओढून घेतलं आणि दार लावून टाकलं.

"क्लॉडेलची चव माझ्या जिभेवर आहे," ती आतून म्हणाली. "कांदा किसून, मस्टर्ड जरा पुढे, साखर चिमूटभर. शनिवारी सकाळी ये. आणि एक कर. सोमवारी येऊन मला सांगायचं, पर्लीनं किती वेळा घेतलं ते."

यातली गोम आमच्या चर्चमधलं शेंबडं पोरही सांगेल. तीस वर्षांपूर्वी मिस आयडेला तिकडे उत्तरेला एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाक करायची. एका ईस्टरला तिनं हौसेनं चर्चमध्ये सॅलड आणलं आणि त्यात मनुके घातले. तिकडच्या लोकांना आवडायचे, तिला वाटलं आपल्या माणसांनाही काहीतरी खास खाऊ घालावं. सिस्टर पर्लीनं काट्याच्या टोकावर एक मनुका धरून सगळ्या तळघराला दाखवला. "हे बघा, आयडेला आता गोरी झाली!" लोक पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून ती 'मनुकेवाली'. पुढे तिनं हे दुकान काढलं, त्याच बायका तिच्याकडून मासा न्यायच्या, रताळी न्यायच्या, चवळी न्यायच्या. सॅलड तेवढं नको म्हणायच्या. तिनंही चर्चमध्ये पुन्हा भांडं आणलं नाही. मागच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपली की दुकान गाठायची.

आणि अकरा वर्षं त्याच बायका तिचंच सॅलड खाऊन माझी पाठ थोपटत होत्या.

सोमवारी कामावरून सुटले की मी फळीपाशी उभी राहायची, ती आत काचेला स्टूल लावून बसायची.

"किती वेळा?"

"दोनदा."

"काय?"

"दोनदा! आणि जाताना डब्यात घेऊन गेली!"

मग ती अशी हसायची की हातातल्या पळीतला रस्सा सांडायचा. एकदा मी म्हटलं, मिस आयडेला, मला लाज वाटते, सांगून टाकते त्यांना. ती एकदम गंभीर झाली. "मी आहे तोवर नाही. माझी तेवढी एक गंमत घालवू नकोस."

ती आता नव्हती. आठ दिवस मला झोप नव्हती ती यामुळेच. सांगितलं नाही, तर तिच्याच मयतीच्या जेवणात तिच्या हाताचं श्रेय माझ्या नावावर राहणार. सांगितलं, तर आईचं नाव जाणार, आणि या चर्चमध्ये मला जी काही पत होती ती त्या हिरव्या भांड्याचीच होती. रात्रभर मी घरात येरझारा घातल्या, सकाळी सहाला कपडे केले, एक मोजा उलटा घातला आणि इकडे आले.

लॅमॉन्टनं डोळे पुसून बाजूचं दार उघडलं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा काचेच्या आत पाऊल टाकलं.

"मला येत नाही हं," तो म्हणाला. "मम्मा मला बटाट्याला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तू मासा बघ."

"पण तू बघितलं तर असशील ती कसं करायची ते?"

"बघितलंय ना. बघून येत असतं तर मी पियानो वाजवला असता."

मग आम्ही दोघांनी मिळून तो उद्योग केला. तो कोंबडी तळता तळता सांगायचा, मी करायची. बटाटे फार उकडले. मी शिव्या घातल्या, त्यानं गार पाण्यात टाकायला सांगितलं. अंडी, सेलरी, गोड लोणचं, मेयोनेझ, मस्टर्ड. कांदा किसताना मला रडायला निमित्त मिळालं. चव घेतली. वाईट नव्हती. आईची नव्हती, आयडेलाचीही नव्हती.

पाप्रिका शोधायला वरच्या फळीवर हात घातला तर एक काचेची बरणी हाताला लागली. अर्धी भरलेली. मनुके.

"हे कशाला रे? कशात घालायची?"

लॅमॉन्ट तेलाकडे बघत राहिला. "तुमचं भांडं भरून दिलं ना, की पातेल्याच्या तळाशी थोडं उरायचं. त्यात मूठभर मनुके टाकून स्वतः खायची. इथेच, या स्टुलावर. दर वेळेला. मी चिडवायचो. म्हणायची, मला आवडतात, कुणाच्या बापाचं काय जातं?"

मी बरणी घेऊन उभी राहिले. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मग झाकण उघडलं आणि सगळी बरणी भांड्यात पालथी केली.

"मिस व्हीनी!" लॅमॉन्ट ओरडला. "तुम्हाला जिवंत सोडणार नाहीत त्या!"

"चमचा दे," मी म्हटलं.

दीडला तळघरात रांग लागली. पुढे कोंबडी, मॅक अँड चीज, कोलार्डची भाजी, रताळी, कॉर्नब्रेड आणि शेवटी हिरवं भांडं. पांढरा पोशाख, पांढरी हॅट घालून सिस्टर पर्ली सगळ्यात पुढे. अकरा वर्षं तिची एक पद्धत होती. भांड्यापाशी आली की मोठ्यानं विचारायची, "सॅलड कुणी केलंय?" आणि उत्तरही स्वतःच द्यायची, "क्लॉडेलच्या लेकीनं!" मग दोन चमचे.

"सॅलड कुणी केलंय?" तिनं विचारलं. चमचा आत गेला आणि तिथेच थांबला.

"यात काय आहे?"

"मनुके," मी म्हटलं.

या वेळेला तिनं खरंच विचारलं, हळू आवाजात. "कुणी केलंय हे?"

"हे मी केलंय, म्हणून बटाटा गळलाय. याच्या आधीचं सगळं मिस आयडेलानं केलेलं. अकरा वर्षांचं. मला येतच नव्हतं, सिस्टर पर्ली. मी फक्त भांडं उचलून आणायचे."

"ईस्टरचं पण?" चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन ह्यूबर्टनं मागून विचारलं.

"ईस्टरचं पण."

"आणि माझ्या रिटायरमेंटचं?"

"ते पण, डीकन."

"बापरे," तो म्हणाला. "चार वेळा घेतलं होतं मी."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मी पर्लीच्या ओरडण्याची वाट बघत होते. रस्ताभर उत्तरं जुळवत आले होते, की तुम्ही तिला तीस वर्षं मागच्या बाकावर बसवलंत, आता ऐका. सगळी तोंडावर तयार होती. पण ती ओरडली नाही. तिची हॅट थोडी खाली झाली.

"मी डोळे मिटून खायचे गं," ती म्हणाली. "मला वाटायचं, क्लॉडेल गेली तरी एवढी तरी राहिलीय."

माझी एकही ओळ उपयोगाची उरली नाही. आई गेली तेव्हा माझ्याबरोबर हीसुद्धा एकटी पडली होती, हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि तरीही सांगितल्याचा पश्चात्ताप झाला नाही. दोन्ही एकदम झालं.

पर्लीनं चमचा भरला, ताटात घेतला आणि कोपऱ्यातल्या मेजावर जाऊन एकटी बसली. तिच्यामागून डीकननं घेतलं, मग इतरांनी. कुणी नाक मुरडलं, कुणी नाही. मी चहाचे ग्लास भरत राहिले, पण डोळा त्या कोपऱ्यावरून हलला नाही.

सोमवारी लॅमॉन्टनं दुकान उघडलं. कामावरून सुटून मी गेले, पंख आणि पालेभाजी घेतली, फळीपाशी उभी राहिले. रांगेत कुणी नव्हतं. आत त्यानं हात पुसले, मिस आयडेलाचं स्टूल काचेपाशी ओढलं आणि त्याच्यावर अवघडून बसला. त्याच्या मानानं ते फारच लहान होतं.

"बोला. पर्लीनं किती वेळा घेतलं?"

"एकदा."

"मनुके?"

"सगळे काट्यानं वेचून ताटाच्या कडेला ठेवले. बाकीचं संपवलं. मग माणसं उठून गेली, तेव्हा एकेक करून तेही खाल्ले."

लॅमॉन्ट स्टूल तसंच ठेवून उठला आणि कढईकडे वळला, मासा करपत होता.

काचेतून पहिल्या वेळेला कधीच नीट ऐकू जात नाही. मी पंख खाली ठेवला, हात पुसले आणि त्या स्टुलाकडे बघून सगळं पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं.