माझं पाणी कोण पितं?

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. पण माझ्यात कणीक कुणी कधी मळलेली नाही. कागदोपत्री माझं नाव बाष्पीभवन पात्र. कारखान्यात पत्रा गोल वळवून मला घडवलं, सांधे झाळले आणि शेती केंद्राच्या आवारात लाकडी चौकटीवर आणून बसवलं. माझ्यात पाणी भरायचं आणि ऊन-वाऱ्याने ते रोज किती उडतं ते मोजायचं, एवढंच माझं काम. बसून खायची नोकरी, असं शेजारचं पर्जन्यमापक म्हणतं. ते स्वतः वर्षातले आठ महिने कोरडं असतं, त्याने बोलू नये.

रोज सकाळी आठला नोंदवाल्या बाई येतात. समजा, माझ्यातलं पाणी आठ मिलिमीटर उतरलं. बाई आधी त्याला शून्य पूर्णांक सात दशांशने गुणतात, कारण उघड्या परातीतून शेतापेक्षा जास्त पाणी उडतं. मग येतो पिकाचा गुणांक, म्हणजे त्या वयाच्या पिकाला त्यातलं किती पाणी लागतं तो आकडा. कलिंगडाचं रोप लहान असतं तेव्हा तो निम्म्याहून कमी, वेलाने जमीन झाकली की एकच्या आसपास, फळ पिकायला लागलं की पुन्हा खाली. उत्तर निघालं की बाई चिठ्ठी लिहितात आणि पंपवाले मामा तेवढाच वेळ पंप चालवतात. पंचवीस वर्षं पाहुण्यांपुढे माझं कौतुक झालं.

यंदा मात्र पिकायच्या सुमारास फळं तडकू लागली. चवही पाणचट. केंद्राच्या साहेबांनी मामांना माझ्याजवळच उभं केलं.

"पंप चालू ठेवून झोपतोस का रे?"

"चिठ्ठीत असतं तेवढाच चालवतो, साहेब. सगळ्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचून ठेवल्यात."

"चिठ्ठीने फळं तडकतात का? सोमवारपासून दुसरा माणूस बघतो मी."

"बघा. पण त्याला आधी तो खिळा दाखवा."

मामा हसून बोलले खरे, पण परत जाताना त्यांच्या हातातून पान्हा दोनदा पडला.

त्या दिवसापासून सगळेच एकमेकांकडे तिरके बघू लागले. बाई मामांकडे, मामा बाईंच्या मोजपट्टीकडे, आणि मी पर्जन्यमापकाकडे. तोंड उघडं ठेवून बसणाऱ्याचा काय भरवसा? अर्धं उत्तर तर मला ठाऊकच होतं. पण पत्र्याला साक्षीला कोण बोलावतं?

शनिवारी सकाळी बाई माझ्यावर वाकल्या आणि तशाच थांबल्या. आदल्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तरी पाणी अकरा मिलिमीटर उतरलं होतं.

"ढगात अकरा? ऊन काय मागच्या दाराने आलं होतं?"

त्यांनी वही मागे चाळली. तीन आठवडे आकडे फुगलेले होते. संध्याकाळी त्यांनी चौकटीभोवती राख पसरली आणि रविवारी सकाळी मामांना घेऊन आल्या. राखेत तीन कुत्र्यांचे पंजे उमटले होते, शिवाय कावळ्यांच्या आंघोळीचे शिंतोडे.

"तहान यांची," मामा म्हणाले, "आणि मी पाजतोय कलिंगडाला."

"पण मामा, तीन आठवड्यांपूर्वी हिच्यावरची जाळी दुरुस्तीला म्हणून काढली होती ना? ती परत का नाही आली?"

सोमवारी दोघांनी साहेबांना हेच विचारलं. साहेबांनी आभाळाकडे पाहिलं आणि चौकशी करू म्हणाले. दुपारी जाळी परत आली, भांडारात सापडली म्हणून. तिच्यात कोंबडीचं पीस अडकलेलं होतं. भांडारात कोंबड्या नाहीत. साहेबांच्या परसात सात आहेत. दुसरा माणूस बघायचं मग राहूनच गेलं.

आता कुत्री जाळीला नाक लावून परत जातात. तरीही, मित्रांनो, एक गोष्ट सांगायला हवी. काल ऊन नव्हतं, वारा नव्हता, आणि पाणी मात्र हवं त्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त उतरलं. माझ्याखालची एक फळी कायम ओली असते. मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त स्वतःवर घ्यायला मन होत नव्हतं. पण उद्या बाई तो मिलिमीटर गुणतील आणि चिठ्ठी मामांच्या हातात पडेल.

म्हणून एवढंच मागणं आहे. मला जाळीने झाकून ठेवा, घासत-पुसत जा, आणि पुन्हा कधी फळ तडकलं, तर मामांना उभं करण्याआधी मला उपडी करा आणि एकदा माझं बूड बघा.