हिवाळ्यातली हार

चिगुसाने आईला सांगायलाच नको होतं. पण तोंडातून निघून गेलं, आणि आईच्या, म्हणजे तोमेबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट म्हणजे साकाईच्या अर्ध्या बाजाराला कळलेली गोष्ट. ताकोयाकीच्या गाडीवर ऑक्टोपस भरलेले पिठाचे गोळे फिरवण्यात त्यांची हयात गेली होती. हात चालला की तोंडही चालायचं.

"शेजारच्या नाकाझावाबाईंना सांगून आलेय," सभागृहात बसल्या बसल्या आई म्हणाली, "आज माझ्या मुलीचं नाव पुकारणार आहेत म्हणून. त्यांच्या सुनेचा चेहरा बघायला हवा होतास तू."

"आई, हळू बोल ना जरा."

"का म्हणून? तिकीट काढून आलोय." आईने ठेवणीतल्या किमोनोचा पट्टा सारखा केला. "पण काय गं, तिकीट तू का काढलंस? बोलावलंय ना तुला?"

चिगुसाने कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलं.

तरुणपणी तिने एका व्हिडिओ गेमला संगीत दिलं होतं. नावाड्याचा खेळ होता. नाव उलटली की हरल्याची धून वाजायची आणि खेळातल्या तारखेप्रमाणे ती बदलायची. वसंतात कोतोच्या तारा, उन्हाळ्यात ओसरीवरची काचेची घंटी, शरदात बासरी. हिवाळ्यात मात्र चिगुसाने देवळातल्या घंटेचा एकच टोला ठेवला आणि पुढे काहीही नाही. साहेब म्हणाले, हा कामचुकारपणा आहे. "बर्फाच्या पाण्यात बुडणाऱ्याला गाणं कसलं ऐकवता?" म्हणून ती त्यांच्याशी कडाकडा भांडली. एरवी ती सगळ्यांपुढे मान तुकवणारी. पण त्या शांततेसाठी ती हटली नाही.

पडद्यावर नाव आलं ते 'हिनागेशी'. तेव्हा रीतच तशी होती. दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून संगीतकारांना टोपणनावं देत. पुढे चिगुसा नोकरी सोडून मुलांना पियानो शिकवायला लागली, तेव्हा कंपनीचा कोट परत करावा तसं ते नावही तिथेच राहिलं. मग ते दुसऱ्याला मिळालं, त्याच्यानंतर तिसऱ्याला.

त्याच खेळाच्या धुनी वाद्यवृंदावर वाजवायच्या या कार्यक्रमाचं कळल्यावर तिने कंपनीत फोन केला होता. माझं खरं नाव एकदा घ्याल का, एवढंच विचारलं. पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला, "जरूर विचार करू." आता आमच्या जपानात 'जरूर विचार करू' म्हणजे 'नाही', हे शाळकरी पोरालाही कळतं. चिगुसालाही कळत होतं. तरी साठीच्या या बाईने त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं, की नाव घेणार आहेत.

वाद्यवृंद सुरू झाला. वसंत झाला, उन्हाळा झाला, शरद झाला. लहानपणी त्या धुनीवर हजारदा हरलेले बाप्ये रुमाल काढून बसले होते. चिगुसाचा ऊर भरून आला. आई मात्र पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती, जसं काही नाव तिकडूनच येणार होतं.

मग निवेदिका पुढे आली. "जुन्या खेळाच्या मेमरीत जागा पुरली नाही, त्यामुळे हिवाळ्याची धून अपुरी राहिली होती. हिनागेशी यांनी ती आज पूर्ण केली आहे!"

जागा पुरली नाही! चिगुसाच्या कानशिलांत रक्त तापलं. घंटेचा टोला पडला. तिची शांतता सुरू होतेय न होतेय तोच त्यावर व्हायोलिनं चढली, मागून चेलो आले, आणि एक गोड, रडवी धून सभागृहभर पसरली. इतकी गोड की तिला शिसारी आली. धून वाईट नव्हती, हेच जास्त झोंबलं. टाळ्या थांबेनात. तिशीतला एक लाजरा तरुण मंचावर येऊन कमरेत वाकला. हिनागेशी तो होता.

खरं नाव कुणाचंच पुकारलं नाही.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "ते पोरगं कशाला वाकत होतं?"

"ते नाव आता त्याचं आहे, आई. कंपनीचं नाव आहे ते."

"मग तुझं काय?"

चिगुसा ट्रामच्या थांब्याकडे वळली. ट्राममध्ये जागा मिळाल्यावर तोमेबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? आधीची तिन्ही मला काही कळली नाहीत. नुसती टिणटिण. पण ते शेवटचं... घंटेनंतरचं. तुझे बाबा गेले त्या सकाळी मला अगदी तसंच वाटलं होतं बघ." त्यांनी मुलीचा हात धरला. हात म्हातारा होता, पण पकड गाडीवरचीच होती. "ते तरी तुझं ना गं?"

चिगुसाने खिडकीबाहेर पाहिलं. सांगायचं झालं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"हो," ती म्हणाली. "ते माझंच."

"वाटलंच मला. उद्या नाकाझावाबाईंना ऐकवते." आणि आई डोळे मिटून ती धून गुणगुणू लागली. एके ठिकाणी चुकली, पुन्हा चुकली.

"तिथे वर नाही जायचं, आई," चिगुसा म्हणाली. "खाली यायचं. ऐक." आणि तिने गाऊन दाखवलं.