चौथा दिवस उलटला तरी

सगुणा लग्न होऊन ठाण्याला टेंभीवरच्या घरात आली, तेव्हा महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायचं आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं, एवढंच होतं. पुढे चौथा दिवस उलटला तरी अंगावरून जायचं थांबेना. मग सहा दिवस झाले, मग आठ. या खेपेला नववा उजाडला, तरी ती परसाकडच्या खोलीतच होती.

खोलीला एकच दार होतं. सासू रंगूबाई उंबऱ्याबाहेर ताट ठेवून मागे सरायच्या.

"सासूबाई, पोटात पिळा पडतो हो. वैद्यबुवांना विचारता का?"

"असलं परपुरुषाला विचारायचं? मलाही दुखायचं. मी का मेले?"

नवरा त्रिंबक कल्याणला रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. संध्याकाळी तो माजघरात बोलायचा ते तिला स्पष्ट ऐकू यायचं. पण या दिवसांत त्याला हाक मारायची सोय नव्हती. कळ आली की ती पदर दातांत धरायची.

त्या सकाळी ख्रिस्ती वाडीतली एमिलिया भाजीची पाटी घेऊन परसात आली. आपल्या लोकांत ती सुईणपणही करायची. पाणी घ्यायला म्हणून सगुणा दारापर्यंत आली आणि तिथंच कोसळली. रंगूबाईंनी हात पुढे केले, पण शिवायचं कसं म्हणून तसेच मागे घेतले. एमिलियानं पाटी टाकली आणि तिला उचलून आत निजवलं.

सगुणा शुद्धीवर आल्यावर एमिलियानं विचारलं, "किती दिवस झाले, पोरी?"

"नऊ."

"घड्या किती बदलतेस?"

"बदलली की भिजते. आता मधल्या दिवसांतही दुखतं."

एमिलिया बाहेर आली. "रंगूबाई, दोन दिवस ओटीपोट दुखतं, तरी बाई उठते, कामाला लागते. ते आपल्या सगळ्यांचंच. पण महिन्यागणिक वाढणारं, उठू न देणारं, शुद्ध घालवणारं दुखणं घरात ठेवू नये. मुंबईला बायकांच्या इस्पितळात बाई डॉक्टर आहेत. आजच्या आज लेकाला सांगा."

"मी कसं सांगू त्याला? काय तोंडानं?"

"मग मी सांगते."

आणि ती खरोखरच त्रिंबक येईपर्यंत ओट्यावर बसून राहिली. त्याला तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"लग्नाला दोन वर्षं झाली, मला कुणी काही सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो सगुणेला मुंबईला घेऊन गेला. बाई डॉक्टरांनी तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती आणि अंगात रक्त उरलं नव्हतं.

"इतके दिवस काय करत होतीस?" त्यांनी विचारलं.

"बसले होते," सगुणा म्हणाली.

गाठ काढली. पाच आठवडे ती तिथं पडून होती. जगेल की नाही, याची पहिले काही दिवस कुणालाच खात्री नव्हती. ती जगली. मूल होईल का, ते मात्र डॉक्टरांना सांगता आलं नाही.

घरची रीत बदलली नाही. घरी परतल्यावर पुढच्या महिन्यात सगुणा पुन्हा त्याच खोलीत बसली. रंगूबाईंनी इस्पितळाचा विषय कधी काढला नाही. फक्त ताट ठेवल्यावर त्या लगेच वळल्या नाहीत.

"दुखतंय का फार?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.