डोळ्यातली बाहुली

कामशेतच्या शाळेत जीनत सातवीला विज्ञान शिकवायची. त्या दिवशी डोळ्याचा धडा होता. फळ्यावर ‘प्युपिल’ लिहून ती म्हणाली, “हा शब्द लॅटिनमधला. प्युपिला म्हणजे छोटी बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी छबी दिसते ना, म्हणून. आणि गंमत बघा, आपणही तिला बाहुलीच म्हणतो. रोमन लोकांना काही आपण मराठी शिकवायला गेलो नव्हतो!” मुलं एकमेकांच्या डोळ्यांत डोकावू लागली आणि वर्गात हशा पिकला.

घरी आल्यावर तोच खेळ तिनं लेकीशी मांडला. साडेतीन वर्षांच्या शहिस्ताला मांडीवर घेऊन ती खिडकीपाशी बसली. उजव्या डोळ्यात जीनत दिसत होती, ओढणीसकट. डाव्यात मात्र काळ्याच्या जागी दुधट काहीतरी चमकत होतं. तिनं सहज उजवा डोळा तळहातानं झाकला. शहिस्ताचं हसू थांबलं. ती आईचा हात झटकायला लागली.

“अम्मी, काढ ना. अंधार झाला.”

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. डोळ्याच्या पडद्यावर कर्करोगाची गाठ होती. “डोळा काढावा लागेल,” ते म्हणाले. “पण वेळेत आणलंत. मुलगी वाचेल.” ‘वेळेत’ ऐकून जीनतचा नवरा शाहबाज तिथंच खुर्चीत ओक्साबोक्शी रडला.

सासरे अल्लाबक्ष तांदळाचं दुकान तसंच टाकून घरी आले.

“माझा काढा म्हनावं. मला काय बघायचं ऱ्हायलंय आता?”

“तसं करता येत नाही, अब्बा.”

“मग यवढं शिकून लोकांनी केलं काय?”

ऑपरेशनच्या सकाळी जीनतनं शहिस्ताचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या डाव्या डोळ्यात स्वतःला खूप शोधलं. मग नर्स आली.

शहिस्ता वाचली. काही महिन्यांनी कृत्रिम डोळा बसवला. हुबेहूब. ‘कळतसुद्धा नाही’ असं सगळे म्हणायचे आणि जीनत मान हलवायची.

एका दुपारी जीनतसोबत आजोबांच्या दुकानात आलेली शहिस्ता धावताना डावीकडच्या पोत्यांवर आदळली. रडली नाही. हातानं पोतं चाचपलं, वळसा घातला आणि पुढं गेली.

“शिकली बघ पोर,” अल्लाबक्ष म्हणाले. गिऱ्हाईक इंद्रायणी तांदळाचा भाव विचारत उभं होतं. ते आणि जीनत, दोघंही पोरीकडेच बघत राहिले.